निरीक्षण क्रमांक वीस

प्रस्तावना

"काल माझा पाठ झालाच नाही, ताई."

शिट्टी हे इतक्या हळू म्हणाली, की तिच्याच वर्गात शिकणाऱ्या, वयाने मोठ्या ताईंना पुन्हा विचारावं लागलं. ग्रंथालयात हळूच बोलायचं असतं, पण शिट्टीचा आवाज सकाळपासून तसाही जागेवर नव्हता. घाबरली की तो आधी चढायचा, मग बारीक व्हायचा, मग नाहीसाच व्हायचा. अध्यापक महाविद्यालयात आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणींनी तिला हे नाव ठेवलं होतं.

"झाला नाही म्हणजे?"

"सात मिनिटं खडू धरून उभी राहिले. मग मागे बसलेल्या परीक्षक मॅडमच म्हणाल्या, बसा. आज अकराला पुन्हा घ्यायला सांगितलाय. आज नाही जमलं तर वर्ष गेलं."

ताईंनी काउंटरकडे पाहिलं. पाच मिनिटांपूर्वीच त्यांनी आपली निरीक्षण वही तिथल्या गठ्ठ्यावर ठेवली होती. वर्गात मागे बसून दुसऱ्यांचे वीस पाठ बघायचे आणि प्रत्येकाचं एक पान लिहायचं, असा नियम होता. एकोणीस पाठ त्यांनी खरोखर बघितले होते. काल लेकीला ताप होता. विसावं पान त्यांनी आज सकाळी ओट्यावर, दूध तापेपर्यंत, शिट्टीच्या टाचणावरून उतरवलं होतं. टाचणात सगळं आधीच असतं: कितव्या मिनिटाला बाई काय विचारणार, मुलं काय सांगणार. सगळ्याजणी असंच करतात. ठरलेला पाठ होतोच.

पण हा झालाच नव्हता.

हेतुकथन

"माझी वही जरा परत हवी होती."

ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जमा झाली. शिक्का पडला."

"एकच पान बघायचंय."

"इथे उभं राहून बघा. पेन माझ्याकडे द्या."

ताईंनी पेन दिलं.

"साडेअकराला गठ्ठा मॅडमच्या टेबलावर जातो," बाई म्हणाल्या. "तोवर कितीही वेळा वाचा."

विवेचन

वही आधी शिट्टीने ओढली.

"नको वाचूस गं."

ती वाचतच होती.

'छात्राध्यापिका फळ्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट. टॉर्च पेन्सिलीच्या जवळ नेताच सावली मोठी झाली, दूर नेताच लहान. नवव्या मिनिटाला टॉर्च बरोबर वर धरून त्यांनी विचारले, आता सावली कुठे लपली? सर्व मुलांनी एकमुखाने उत्तर दिले.'

"हा लपण्याचा प्रश्न माझ्या टाचणात नव्हता."

"मी घातला. पान भरत नव्हतं."

"मग मुलं काय म्हणाली?"

"कुठली मुलं?"

"तुम्ही होतात ना तिथे. सांगा की."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. टोमणा आहे की विनवणी, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"पेन्सिलीच्या खाली, म्हणाली. सगळी एकदम."

"आणि मी काय करत होते? हातात काय होतं माझ्या?"

"टॉर्च." ताई थांबल्या. "खडू नव्हता. खडू तू आधीच ठेवून दिला होतास."

शिट्टीने आपल्या मुठीकडे पाहिलं. घामाने खडू ओला झाला होता. तिने तो काउंटरवर ठेवला.

"आज हे असंच झालं तर तुमची फक्त तारीख चुकली," ती म्हणाली. "तारीख कुणाचीही चुकते. नाही झालं तर दोघी घरी."

"घाबरवू नकोस मला."

"मी घाबरवतेय?" शिट्टी म्हणाली, आणि गेली.

मूल्यमापन

सरावाचा वर्ग ग्रंथालयाला लागूनच होता. मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडे आवाज चढला की ग्रंथपाल बाई लाकडी पट्टीने त्या भिंतीवर तीनदा ठोकायच्या. एकदा खुद्द प्राचार्यांचा पाठ चालू असताना त्यांनी ठोकलं होतं.

अकरा.

एक मिनिट. बाक सरकले. कुणीतरी खोकलं.

तीन. शिट्टीचा आवाज आला. चढला. बारीक झाला. ताईंनी काउंटरची कड घट्ट धरली.

चार. पाच. काहीच नाही.

सहा.

सात. काल इथेच.

ग्रंथपाल बाई कार्डांची पेटी लावत होत्या. एकच कार्ड त्यांनी दोनदा काढलं आणि दोनदा परत ठेवलं.

आठ. भिंतीपलीकडे एक मूल हसलं. कशाला हसलं, ते कळेना. हसणं चांगलंही असतं, वाईटही.

नऊ.

"पेन्सिलीच्या खाली."

तीस-चाळीस गळे एकदम. भिंत थरथरली, तिला टेकून उभं असलेलं एक जाड पुस्तक आडवं पडलं. बाईंचा हात सवयीने पट्टीकडे गेला. त्यांनी पट्टी उचलली, भिंतीपर्यंत नेली, आणि ती तिथेच थांबली.

स्वाध्याय

"दहाव्या मिनिटाला काय आहे?" बाईंनी विचारलं. पट्टी अजून हवेतच होती.

ताईंनी वहीत पाहिलं. नवव्या मिनिटाखाली एवढंच होतं: पाठ उत्तम झाला. खाली त्यांची सही. पान संपलं होतं.

पाठ संपायला एकवीस मिनिटं होती.

पलीकडे मुलं गप्प झाली. मग शिट्टी बोलू लागली, बारीक आवाजात, थांबत थांबत. जे बोलत होती ते टाचणात नव्हतं, वहीतही नव्हतं.

ताई भिंतीला कान लावून ऐकू लागल्या.