दसऱ्यापुरता रंधा

"आठवीला टेक्निकल की संस्कृत, ते आजच लिहून द्या," म्हणत वर्कशॉपच्या सरांनी फॉर्म पुढे केला. लेकीचं कधीच ठरलं होतं. "संस्कृत. त्यात मार्क पडतात," म्हणत ती लिहायला बसली.

आईचं लक्ष बाकावरच्या रंध्याकडे होतं. ती सुताराची मुलगी. दरवर्षी दसऱ्याला वडिलांची सगळी हत्यारं तीच पुसायची, त्यांना हळदकुंकू लावायची. एरवी हात लावला की वडील म्हणायचे, "ठेव ते. पोरींचं काम नाही." भाऊ मात्र शिकला.

"एकदा चालवून बघू का?" तिनं विचारलं.

सरांनी फळी घट्ट बसवून दिली. तिनं एक डोळा मिटून, वाकून फळीचा सरळपणा पाहिला, अगदी वडील बघायचे तसा. मग रंधा लोटला. लाकडाची पातळ, अखंड साल गुंडाळत वर आली.

"कुठं शिकलात?" सरांनी विचारलं.

"शिकले नाही. दारात उभी राहून बघायचे."

लेकीनं फॉर्म समोर धरला. क्षणभर आईला वाटलं, संस्कृत खोडून टेक्निकल लिहावं. पण आपल्या वडिलांनीही आपलं असंच परस्पर ठरवलं होतं. तिनं सही केली.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, तुझ्या हाताला भुसा लागलाय. नळ तिकडं आहे."

"असू दे," म्हणत तिनं मूठ मिटली.