ब्रेकमास्तरांचं गाणं

ब्रेकमास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच मुलाच्या खोलीचं दार वाजवलं.

“येऊ का आत?”

नववीतला मुलगा ताडकन उठून बसला. वडील परवानगी मागतायत म्हणजे घरात कुणीतरी गेलं असणार, असा त्याचा चेहरा झाला.

ब्रेकमास्तर मोटार शिकवायचे. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि शिकणाऱ्याला चूक करायची संधीच न देता ते तो दाबायचे. नाव तिथूनच पडलं. घरीही तोच खाक्या. इंटरनेटवर पोरांना गिळणारे लांडगे फिरतात असं कुठेसं ऐकलं आणि मास्तरांनी वायफायचा डबा लोखंडी कपाटात घालून कुलूप ठोकलं. तेव्हापासून रेंज यायची ती फक्त कपाटातल्या कपड्यांना. अंधार पडला की बायकोचा आणि मुलाचा फोन प्रेशर कुकरमध्ये जायचा. वर झाकण, आणि शिट्टी मास्तरांच्या खिशात.

“मग मी बटाटे कशात उकडू?” बायकोने विचारलं होतं.

“तुला पोरगं महत्त्वाचं की बटाटे?”

शिवाय फर्मान होतंच. कुणी अनोळखी माणसाशी बोलताना सापडलं, तर फोन हातोड्याने फोडण्यात येईल. हातोडा दिसेल असा टीव्हीशेजारी ठेवला होता. स्वतःचा फोन मात्र मास्तर उशाशी घेऊन झोपत. ते मोठे होते, त्यांना कळत होतं.

आता, अंधार पडायला तासभर असताना, ते मुलाच्या पलंगाच्या कडेवर बसले आणि चादरीचं टोक चुरगाळू लागले.

“एक बाई आहे,” ते म्हणाले. “म्हणजे, फोनवर. तिला माझं गाणं आवडतं.”

“तुम्ही गाता?”

“बाथरूममध्ये. ती म्हणाली, तिथे आवाज छान घुमतो, तिथूनच व्हिडिओ पाठवा. मी पाठवला. टॉवेलवर. आता म्हणते, पुढचा टॉवेलशिवाय हवा. नाहीतर हा माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवणार. आणि तुझ्या मामांना.”

मुलगा हसेल, अशी मास्तरांनी मनाची तयारी केली होती. तो हसला नाही. उठला, दार लोटून घेतलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. ब्रेकमास्तरांना उगाचच आपण शिकाऊ असल्यासारखं वाटलं.

“दुसरा पाठवला नाहीत ना?”

“नाही रे.”

“मग पाठवू नका. कितीही धमक्या आल्या तरी. एकदा दिलं की मागणं थांबत नाही, वाढतं. तिला उत्तर देऊ नका. आणि काही पुसू नका, तो पुरावा आहे. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढू, मग तिला ब्लॉक करू. उद्या सकाळी सायबर पोलिसांकडे जाऊ. मी येतो बरोबर.”

“मी गाढव आहे,” मास्तर म्हणाले.

“नाही, बाबा. फसवणं हे त्यांचं रोजचं काम आहे, तुमचा पहिलाच दिवस होता. आणि ती बाई असेलच असं नाही. एखादा दाढीवालाही असेल.”

हे मात्र मास्तरांना फार लागलं. “पण ती म्हणाली, माझा खर्ज...”

“बाबा.”

“बरं, बरं.” त्यांनी शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. “आणि आई?”

“तिला आपण दोघं मिळून सांगू. ती आधी हसेल. हसू दे. हसली की अर्धी भीती जाते.”

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षं ते लोकांना घाबरू नका म्हणून ओरडत होते, आणि लोक जास्तच घाबरत होते. या पोराने एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

“तुला एवढं सगळं तोंडपाठ कसं रे?”

मुलाने उशीखालून फोन काढला आणि वडिलांच्या हातात दिला.

पलीकडे गेममधला कुणी दोस्त होता. पंधरा वर्षांचा, असं तो स्वतःच सांगत होता. सुरुवातीला नुसतं कौतुक. मग ‘घरी कशाला सांगतोस, त्यांना काय कळतंय.’ मग मुलाने पाठवलेला एक फोटो, चेहऱ्याचा, साधाच. आणि आता तसल्या फोटोची मागणी, शाळेच्या नावासकट, धमकीसकट.

मास्तरांचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला गेला. गर्जना पार घशापर्यंत आली. ती त्यांनी गिळली. गिळताना डोळ्यांत पाणी आलं, पण गिळली.

“चल,” ते शक्य तितक्या हळू म्हणाले. “याचेही स्क्रीनशॉट काढू. काढायचे कसे ते तेवढं दाखव.”

दोघं शेजारी शेजारी बसले. बाईला ब्लॉक केलं, दोस्तालाही केलं. उद्या पोलिसांकडे एकाच घरातून दोन तक्रारी जाणार होत्या. मास्तरांनी भीत भीत मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

“मी पाठवून बसलो,” ते म्हणाले. “तू तसलं काही नाही पाठवलंस. माझ्यापेक्षा शहाणा निघालास.”

“आज पाठवणारच होतो, बाबा,” मुलगा म्हणाला. “तुम्हाला सांगण्यापेक्षा ते सोपं वाटत होतं.”