पांघरुणाची घडी

डब्लिनमधल्या त्या खोलीत समाधानला अर्धीच खाट परवडली होती. रात्री तिच्यावर तो झोपायचा आणि दिवसा बेकरीत रात्रपाळी करणारा ब्राझीलचा पाउलो. दोघंही इंग्रजी शिकायलाच आलेले, पण समोरासमोर कधी गाठ पडली नव्हती.

घरच्या सवयीने समाधान सकाळी पांघरुणाची घडी घालून क्लासला जायचा. मग दारोदार काम मागत फिरून संध्याकाळी परतला, की पांघरूण विस्कटलेलं आणि गादी उबदार असायची.

"झोपायची आबाळ नाही ना रे?" आई फोनवर विचारायची.

"नाही गं, चांगली ऊब असते," तो सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी घडी जशीच्या तशी होती. गादी गार पडली होती.

"पाउलो गेला रे," खोली मिळवून देणारा नांदेडचा बालाजी म्हणाला. "सकाळी सायकलवरून येताना ट्रकने उडवलं."

समाधान खाटेच्या कडेला टेकला. क्लासमध्ये त्याच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य धड निघत नसे. त्याने बालाजीकडून बेकरीचा नंबर घेतला, फोन लावला आणि जराही न अडखळता इंग्रजीत विचारलं, "पाउलोच्या जागी कुणी घेतलंय का?"