चौपन्न मिनिटं

म्हाताऱ्यांचा बँड फुटून त्याचे चार झाले, तेव्हा चाहते काही फुटले नाहीत. त्यांच्या रजा फक्त चौपट झाल्या. त्यांच्यातला एक, ज्याला सगळे चित्रगुप्त म्हणत, चारही बँडांच्या कार्यक्रमांना वही घेऊन हजर असे. एकेक गाणं मनाला येईल तसं लांबवत नेणं ही या मंडळींची ख्याती, त्यामुळे कोणतं गाणं किती मिनिटं चाललं, यावरून चाहत्यांत हमरीतुमरी होई आणि ती चित्रगुप्ताच्या वहीपाशी थांबे. एकदा तर त्याने खुद्द गिटारवाल्यालाच तारखेसकट खोटं पाडलं होतं.

आज गिटारवाल्याने एक गाणं संपवलं आणि तेच पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. ते संपल्यावर तिसऱ्यांदा. ड्रमरने एकदा मान वर करून पाहिलं आणि मुकाट्याने ठेका धरला.

"काय फिरून फिरून मुखड्यावर येतोय हो!" शेजारच्या बाई म्हणाल्या. "यासाठी आयुष्य घालवावं लागतं."

"ते जातंच," चित्रगुप्त म्हणाला.

कार्यक्रम संपताच गिटारवाल्याची बायको गर्दीतून वाट काढत चित्रगुप्तापाशी आली.

"भाऊजी, हल्ली विसरतात हो ते. तुमच्या वहीत आलं की संपलंच सगळं. लिहिलंत का?"

"न लिहून कसं चालेल, वहिनी?" त्याने वही पुढे केली. "एकच गाणं, चौपन्न मिनिटं. एवढं लांब आजवर कुणी वाजवलेलं नाही."