दारावरचे आरसे

"दोन्ही काढून टाक," होमीशेठ म्हणाले. "या सालच्या फियाटला दारावर आरसे नव्हतेच. कोणीतरी मागाहून ठोकलेत."

नारूने पाना उचलला. घोलवडच्या या चिकूवाडीत तो लग्नाआधीपासून ड्रायव्हर. शेठना म्हातारपणी जुन्या गाडीचं खूळ लागलं होतं. गाडी कंपनीतून निघाली तश्शी हवी. सपाट काचेचे दिवे गेले, फुगीर काचेचे आले. त्यांच्यावर भुवईसारखी चकचकीत पट्टीही बसली. हौस शेठची आणि घोर नारूला!

कारण दिवाळीपासून नारूची मान वळतच नव्हती. मागचं जे काय दिसायचं ते त्या दोन आरशांतून. आतल्या चिमुकल्या आरशात मागच्या सीटपलीकडे काही येत नसे. शेठना कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर वाडीतली खोलीही. ठाऊक होतं फक्त जमुनाला, त्याच्या बायकोला. आरसे काढून तो घरी आला आणि तिला सांगता सांगता रडू लागला.

"रडताय काय असे? मी हाय ना मागं," जमुना म्हणाली.

ती वाडीतल्याच गोदामात चिकू निवडायला होती. गाडी मागे घ्यायची झाली की टोपली टाकून धावत यायची आणि डिकीवर थापा मारायची. थाप पडतेय तोवर मागे यायचं, थाप थांबली की ब्रेक. शेठ गाडीत बसायला येईपर्यंत हे सगळं उरकलेलं असायचं. बायका हसायच्या, "नवऱ्याला सोडवत नाय गो हिला!" जमुनाही हसायची. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही.

त्या सकाळी शेजारी टेम्पोत चिकूचे क्रेट चढत होते. धप्, धप्, धप्. नारू त्या आवाजावर गाडी मागे घेत राहिला. जमुनाचा हात केव्हाच थांबला होता. मागे गोदामाची भिंत होती आणि तिची हाक टेम्पोच्या इंजिनात बुडाली.

दुपारी तिला अंगणात निजवलं. वाडीतली सगळी माणसं भोवती जमली. होमीशेठ नारूच्या शेजारी जमिनीवरच बसले.

"पण ती गाडीच्या मागे करत काय होती रे, नारू?"

बायकांचं रडणं थांबलं. सगळे नारूकडे पाहू लागले. त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, शेठ, ती माझ्यासाठी उभी होती. एवढं एकच वाक्य.

"काय सांगू शेठ," नारू म्हणाला, "बाई पहिल्यापासून वेंधळीच."