बाबांचा अली

“पयल्या राउंडातच टायसन आडवा करतोय बघा त्याला,” संदीप म्हणाला आणि त्याने मोबाईल बाबांच्या नाकासमोर धरला.

कॉम्प्युटरने बनवलेली लढत होती. एका बाजूला तरणाबांड अली, दुसऱ्या बाजूला तरणाच टायसन. ऐन भरात हे दोघे एकमेकांसमोर कधी उभे राहिलेच नाहीत, राहणार कसे, दोघांचे जमानेच वेगळे. पण मोबाईलवर काय, कुणालाही कुणाशी भिडवता येतं.

बाबांनी, म्हणजे गुरुदासांनी, जोरजोरात मान हलवली. “अली...ऽऽ,” ते कसेबसे म्हणाले. “अली... होडी.”

“ऐकलंस काय गं सुनयना? पुन्हा अलीच!” संदीपने आतल्या बहिणीला ओरडून सांगितलं.

हळियाळला कानडी आजोळी वाढलेला हा दांडगा गडी पलटणीत हेवीवेटचा बॉक्सर होता. निवृत्त होऊन रामनगरला घर बांधलं तरी बाजारात कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. आणि त्याच माणसाला आता घोटभर पाणी दुसऱ्याने पाजावं लागत होतं. लकव्याने उजवं अंग नेलं, वाचा नेली. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, “बोलतील, नाहीही बोलणार. बोललेच तर आधी जुनंपुराणं बाहेर येईल.”

जुनं म्हणजे बॉक्सिंग, दुसरं काय? संदीपने चंगच बांधला. बाबांच्या तोंडून एक धड वाक्य ऐकायचं, मग आपला जीव गेला तरी चालेल. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांशी कन्नड, मराठी, कोकणी अशी तोंडाची टकळी चालवून तो घरी यायचा आणि बाबांपुढे लढती लावायचा. आजचा फ्युरी विरुद्ध जुना जो लुईस. फोरमन विरुद्ध होलीफिल्ड. बाबा ढिम्म. भिंतीकडे बघत बसायचे.

सुनयना सेवेला म्हणून माहेरी आली आणि आठवड्याभरात बाबा बोलले. अली. होडी.

संदीपच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण होडी कशाला? त्याने खूप डोकं खाजवलं आणि एकदम मांडीवर थाप मारली. अली रिंगणात कसा डुलायचा! पाण्यात होडी डुलते तसाच की! बाबा मर्म सांगत होते. त्याने ते साऱ्या बाजारपेठेत सांगितलं आणि लोकही म्हणाले, म्हातारा अजून पारखी हाय.

सुनयना मात्र कधी त्या चर्चेत पडली नाही. दुपारी घरात कुणी नसताना ती बाबांजवळ बसून हळू आवाजात काहीतरी बोलत राहायची. एवढ्या उकाड्यातही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. बाबा तिचा दंड चाचपायचे, मग डाव्या हाताची मूठ वळून स्वतःच्याच गालावर आपटायचे आणि रडायचे.

“बघ, जॅब मारतायत! डावा हात अजून जिता हाय!” संदीप हरखून जायचा.

सुनयनाने एकदा ती मूठ आपल्या दोन्ही हातांत झाकली. “व्हय बाबा. कळलं मला. अलीच जिंकतोय. आता गप ऱ्हावा.”

रविवारी तिचा नवरा अमोल खानापूरहून तिला न्यायला आला. माणूस मोठा नम्र. केळी, सफरचंदं घेऊन आला, सासऱ्यांच्या पाया पडला, त्यांच्या उशाशी बसून मॅचसुद्धा बघायला लागला.

“मामा, आपुन टायसनवाले हां,” तो हसत म्हणाला.

बाबा असे काही भडकले! तोंडातून फेस आला, मानेच्या शिरा फुगल्या. “अली! अली... होडी! होडी...” डाव्या हाताने त्यांनी चहाची कपबशी भिरकावली. चहा अमोलच्या शर्टावर सांडला.

संदीप शरमेने मेला. “भावजी, राग मानू नकासा. अलीच्या बाबतीत त्यांना कुणाचं खपत न्हाई.”

“असू दे ओ. आजारी माणूस,” अमोल म्हणाला आणि शर्ट पुसत सुनयनाकडे बघितलं. ती पिशवी भरायला आत गेली.

निघताना बाबांनी तिच्या पदराला जी मिठी घातली ती सुटेना. लेकीवर जीव फार. पण संदीप करणार काय? बाबांना समजवावं तर समजत नाही, आणि त्यांना काय हवं ते त्यांना सांगता येत नाही. शेवटी त्यानेच त्यांचं एकेक बोट धरून पदर सोडवला.

सुनयना उंबऱ्यात थांबली. “दादा, जाऊ न्हवं?”

“म्हंजे काय? तुझं घर हाय त्ये. बाबांचं मी बघतो, तू काळजी करू नको.”

तिने ब्लाउजची बाही मनगटावर खाली ओढली. मग चपला घालून अमोलच्या मागोमाग जीपमध्ये जाऊन बसली.

जीप वळणाआड गेली तरी बाबा ओरडतच होते. संदीपने त्यांना उशीला टेकवलं, छाती चोळली, पाणी पाजलं. ते पाणी त्यांनी थुंकून टाकलं. “तुम्हाला काय पायजे बाबा? सांगा की! मी काय करू?” तो रडकुंडीला आला. काही सुचेना तेव्हा त्याने पुन्हा अलीची मॅच लावली.

तेवढ्यात रुक्मा सिस्टर बीपी बघायला आली. धारवाडकडची बाई, नुकतीच बदलून आलेली, या घरी पहिल्यांदाच. पट्टा बांधता बांधता ती बाबांच्या तोंडाजवळ वाकली आणि थबकली.

“कधीपासून म्हणतायत हे?”

“महिना होत आला. अली लय आवडतो त्यांना,” संदीप म्हणाला. “होडीसारखा डुलतो म्हनून.”

“अण्णा, ते मोबाईल बंद करा आधी. अज्जा कन्नडात सांगतायत. अळिया होडीतान, अळिया होडीतान. जावई मारतोय म्हणून. कुणाचा जावई ओ?”