बर्फाखालचा समुद्र

एका दूरच्या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र आहे, हे सिद्ध करण्यात बाबांची सगळी हयात गेली. आता ते अंथरुणाला खिळले होते. रोज सकाळी त्यांची दाढी करायला बसण्याआधी लेक मोबाइल बघायची आणि हरखून सांगायची, "बाबा, तुमच्या पेपरचा आणखी दोघांनी संदर्भ दिलाय हं!" ते डोळे मिटून नुसते हसायचे.

एकदा त्यांचा जुना विद्यार्थी भेटून गेला. त्याला दारापर्यंत सोडताना तिने तेच कौतुकाने सांगितलं. बूट घालता घालता तो थांबला.

"ताई, तिथे यान जाऊन आलं. समुद्र नाहीये. सरांचं गणित कुठे चुकलं, हे दाखवायलाच आता सगळे त्या पेपरचा संदर्भ देतात."

दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या गालांना फेस लावला आणि ती मोबाइल न बघताच म्हणाली, "बाबा, आज आणखी तिघांनी..."

बाबांनी डोळे उघडले आणि तिचा हात हातात घेतला.

"कळलं वाटतं तुला," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, मी असेपर्यंत तरी कळणार नाही."